उचललेला आवाज

बाईंनी आयुष्यात एकही आवाज पदरचा वापरला नाही. सगळे उचललेले. लोक हातातलं काम टाकून रेडिओच्या लाकडी पेटीभोवती बसायचे, त्या काळात बाईंनी राण्या केल्या, भिकारणी केल्या, दोन भुतं केली, आणि एकदा मुख्य नट आजारी पडला म्हणून म्हातारा न्यायाधीशही केला. लोक विचारायचे, "एवढे आवाज आणता तरी कुठून?" बाई म्हणायच्या, "चोरते." सगळे हसायचे.

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पहिला आवाज त्यांनी इस्त्रीवालीचा उचलला. ती हसताना श्वास आत ओढायची, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. ते हसू बाईंनी नाटकातल्या एका कपटी जावेला दिलं. नाटक गाजलं, इस्त्रीवालीनंही ऐकलं. पुढे ती कपडे आणून द्यायची, घड्या मोजून ठेवायची. पण बाईंसमोरच काय, कोणासमोरच हसायची नाही. "हसायला तोंड उघडलं की रेडिओ ऐकू येतो," एवढंच एकदा म्हणाली.

दुसरा सासूबाईंचा. त्या नुसतं 'हं' म्हणायच्या आणि त्यात सुनेच्या सात पिढ्यांची उजळणी व्हायची. बाईंनी तो 'हं' एका विधवा राणीला दिला. श्रोत्यांची पत्रं आली. सासूबाईंनी पत्रं वाचली, चष्मा काढून ठेवला, आणि त्यानंतर चार वर्षं, म्हणजे जाईपर्यंत, सुनेशी मानेनंच बोलल्या. त्या गेल्या तेव्हा घर गप्प झालं असं कोणाला वाटलंच नाही. ते आधीच झालं होतं.

आणखीही होते. बाईंची आठवण लांब होती. पण विहीर खोल आहे म्हणून रोज तळ काढून बघायचा नसतो. ज्याचा आवाज उचलावा तो गप्प होतो, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही योगायोग म्हणूनच सांगितलं.

आता बाई अडुसष्टच्या होत्या आणि जावयाच्या घरी राहत होत्या. मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. तीन आठवड्यांचा ताप, बस्स. मागे राहिले लिफ्ट दुरुस्त करणारा जावई, दहा वर्षांची नात आणि खुंटीवर मुलीचा राखाडी स्वेटर. त्याच्या बाह्या बाईंच्या बोटांच्याही पुढे यायच्या. घर थंड होतं, म्हणून बाई तो घालायच्या. धुवायच्या मात्र नाहीत.

नातीला सगळे खारू म्हणत. बोलायला लागली तेव्हापासून गालात काहीतरी कोंबूनच तिची बडबड चालायची. आई गेली त्या आठवड्यात खारूचं तोंड मिटलं ते मिटलंच. शाळेत, घरात, डॉक्टरीणबाईंसमोर सगळीकडे मानेनं हो, मानेनं नाही. जावई म्हणायचा, "आई, हिला निदान एकदा माझ्यावर ओरडायला तरी सांगा हो." बाई काय सांगणार? ज्यांनी आवाजावर पोट भरलं, त्यांच्याच घरात असं व्हावं.

मग एका दुपारी बाई पाय पसरून पडल्या होत्या आणि खारूच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला. बाई उठल्या त्या अनवाणीच.

दाराआडून दिसलं ते असं. खारू टीव्हीच्या पडद्यासमोर मांडी घालून बसलेली, हातात व्हिडिओ-खेळाची बटणांची कळफळी. खेळाचं नाव 'वाटाडी'. वाट चुकलेल्या माणसांचा एक तांडा आणि त्याला डोंगरापलीकडे नेणारी एक वाटाडी, खेळणारा तीच. तांड्यातले सगळे बोलायचे, भांडायचे, रडायचे. वाटाडी तेवढी मुकी. तिची पाळी आली की सगळे तिच्याकडे बघत थांबायचे, पडद्याच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत तीन वाक्यं उमटायची आणि त्यातलं एक निवडायचं. निवडेपर्यंत नुसती शांतता, वाऱ्याची.

त्या शांततेत खारू बोलत होती. अक्षरं म्हणत होती, 'मला भीती वाटते.' खारू म्हणाली, "मला पण भीती वाटते. पण तू सांगू नकोस हं कोणाला. आणि मोजे घाल आधी, पाय बघ कसे झालेत." मग बटण दाबलं. पडद्यावरच्या गाडीवानानं मान हलवली, जणू मोज्यांचंही त्यानं ऐकलं होतं.

बाईंच्या कानानं सवयीनं सगळं टिपलं. आधी एक आवंढा. मग पहिला शब्द हळू, पाय टाकून बघावा तसा. आणि बाकीचे सगळे एका दमात, बर्फ फुटायच्या आत पलीकडे पोचायचं असल्यासारखे.

डॉक्टरीणबाई ऐकून खूष झाल्या. म्हणाल्या, "तिथं तिला कोणी ऐकत नाही आणि तरी उत्तर मिळतं. तेवढी एक खिडकी उघडी राहिलीय. वाट बघा, तीच रुंद होईल. पण तिच्यात डोकावू नका आणि हात तर मुळीच घालू नका."

त्या दिवसापासून जावई कामावरून आला की बूट जिन्यातच काढायचा. दोघं बोळात उभे राहून, कानात प्राण आणून ऐकायचे. "आज 'अगं' म्हणाली," जावई कुजबुजायचा. "काल नव्हती म्हणाली." रुंद होत होती खिडकी. एकदा खारूनं पाणी आणायला बाहेर येता येता स्वतःशीच "थंड आहे" म्हटलं आणि जावई न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडला.

अशात मिशाचा फोन आला.

मिशा म्हणजे रेडिओच्या काळापासूनचा ध्वनिमुद्रक. आता त्याला मिशा नव्हत्या. दहा वर्षांपूर्वी त्यानं त्या काढल्या, पण नाव कोणी काढलं नाही.

"बाई, घसा जागेवर आहे का?"

"घसा आहे. दात नाहीत."

"दातांचं काम नाही. खेळाचं आहे. तो 'वाटाडी' म्हणून आहे ना, त्याची नवी आवृत्ती निघतेय. वाटाडीला आवाज द्यायचाय."

बाईंच्या हातातली बशी ओट्यावर जरा जोरातच टेकली. "आमची खारू तोच खेळते!"

"हो का?" मिशा म्हणाला. "मग विचार करून सांगा."

विचार कसला? सात वर्षांत बाईंना कोणी बोलावलं नव्हतं. आणि आपला आवाज त्या खोलीत जाणार, जिथं दोन वर्षं कोणाला शिरकाव नव्हता, तिथं थेट नातीच्या मांडीपाशी! मनात एकदा पाल चुकचुकली. बाईंनी तिला हुसकावून लावलं आणि लिपस्टिक शोधायला घेतली.

स्टुडिओ तसाच होता: जाड दारं, भिंतींना भोकांचे फळे, काचेपलीकडे दिव्यांची रांग. नवीन होती ती दिग्दर्शिका, तिशीतली, गळ्यात दोन चष्मे अडकवलेली. बाई आत शिरल्या तेव्हा तिचं आणि मिशाचं जुंपलेलं होतं.

"नायिका मुकी असली की गोष्ट लंगडी होते, काका," ती म्हणत होती. "समोर म्हातारा ढसाढसा रडतोय, त्याचा मुलगा दरीत गेलाय, आणि ही आपली खांबासारखी उभी! लोकांना वाटतं, हिला काळीज आहे की नाही?"

"काळीज बाहेर बसलेलं असतं गं तिचं, कळफळी धरून," मिशा म्हणाला. "खांब म्हणतेस तो खांब नाही, रिकामी खुर्ची आहे. खेळणारा येऊन बसतो. तू आवाज दिलास की त्याला म्हणालीस, ऊठ, ही जागा घेतलीय."

"मग काय खेळणाऱ्यानं गोष्ट पण स्वतःच लिहायची?"

"थोडी लिहितो तो. तुला दिसत नाही, एवढंच."

"तुम्ही वायरी सांभाळा."

"चाळीस वर्षं त्याच सांभाळतोय!"

दोघं बाईंकडे वळले. बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली. "मी काय बोलणार? माझी भाकरी त्यावर भाजली. आवाज नसलेलं माणूस मला तरी नुसतं चित्र वाटतं. एक राणी केली होती मी. तिच्या एका 'हं'वर अनोळखी माणसांनी पत्रं लिहिली. न दिलेल्या 'हं'वर कोण पत्र लिहील?"

"ऐकलंत?" दिग्दर्शिका म्हणाली.

मिशा म्हणाला, "ऐकलं. मला त्या 'हं'वाल्या सासूबाईही आठवतात." आणि काचेपलीकडे गेला.

वाक्यांची यादी हाताएवढी जाड होती. कोण कोणाला म्हणतंय, कधी, कशासाठी, काही नाही. नुसती एकाखाली एक वाक्यं, चार हजारांवर. बाईंनी पहिलं वाक्य भारदस्त म्हटलं. दिग्दर्शिका म्हणाली, राणी झाली. दुसऱ्यांदा जरा हळवं म्हटलं. ती म्हणाली, आई झाली. "शौर्य नको बाई, माया पण नको. ही घाबरलेली आहे, पण चालत राहते. असं कोणी बघितलंय का तुम्ही?"

बघितलं होतं. ऐकलं होतं, रोज बोळात उभं राहून.

बाईंनी डोळे मिटले. जुन्या सवयीनं समोरच्या लाकडी स्टँडवर नखानं दोनदा वाजवलं, टक टक. नंतर फीत कापताना वाक्याची सुरुवात सापडावी म्हणून त्या मिशासाठी असं करायच्या. मग आवंढा. मग पहिला शब्द हळू. मग बाकीचे एका दमात.

"इथून... पुढे रस्ता नाही पण मी काढते."

मग दिग्दर्शिकेचा आवाज कानात आला, जवळजवळ कुजबुजल्यासारखा. "बाई, हे कुठून आणलंत?"

"घरून," बाई म्हणाल्या.

मिशानं मान वर केली नाही. त्यानं इस्त्रीवाली पाहिली होती.

दोन महिने काम चाललं. रोज उद्याची पानं घेऊन बाई घरी यायच्या आणि स्वयंपाकघरात तालीम करायच्या, एका हातात पान, दुसऱ्या हाताचं नख ओट्यावर. टक टक. आवंढा. वाक्य. पुन्हा. आवाज उतरला होता, अगदी काठोकाठ. इतकं चांगलं काम आयुष्यात झालं नव्हतं असं त्यांना वाटायचं, आणि या वयात ते होतंय याचा थोडा माजही.

या दिवसांत खारूच्या खोलीचं दार बोटभर उघडं राहायला लागलं. बाईंना ते शुभलक्षण वाटलं. पोर बाहेर येऊ बघतेय! फटीत कधी एक डोळा दिसायचा, कधी नुसतं नाक. आतलं बोलणं मात्र कमी झालं होतं. मोजे घाल, सांगू नकोस, हे गेलं होतं. अक्षरं होती तेवढीच म्हणायची. जावई म्हणाला, "आज 'अगं' नाही म्हणाली."

"मोठी होतेय," बाई म्हणाल्या. त्यांना पान संपवायचं होतं. दाराआड उभं राहून चोरून ऐकणं त्या घरात आता दोन्ही बाजूंनी चाललं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं ते फार नंतर.

नवी आवृत्ती आली तो शनिवार होता. जावयाला सुट्टी. "खारू, आज एक गंमत आहे," बाई म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाईंचं सांगणं कानाआड करून पहिल्यांदाच त्या खोलीत जाऊन बसल्या. जावई दारात टेकला.

बर्फ आला, तांडा आला, गाडीवान आला. "वाटाडी, रस्ता कुठंय?" त्यानं विचारलं आणि सगळे तिच्याकडे बघत थांबले. तीन वाक्यं उमटली. खारूनं एक निवडलं. तिनं आवंढा गिळला, ओठ उघडले...

"इथून... पुढे रस्ता नाही पण मी काढते," पडदा म्हणाला.

खारूचे ओठ उघडेच राहिले. तिचा आवंढा, तिचा थांबा, तिची धाव. सगळं तिच्या आधी पोचलेलं.

"ओळखलंस का कोण ते?" बाई टाळी वाजवून म्हणाल्या.

खारूनं मान वळवून आजीकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. घरी आलो आणि आपल्या खाटेवर कोणी दुसरंच झोपलेलं दिसलं, तर माणूस दारात थांबून जसं बघेल, तसं बघितलं. मग ती परत पडद्याकडे वळली.

त्यानंतर खारूच्या खोलीतून खारूचा आवाज आला नाही. अकरा दिवस बाईंनी बोळात उभं राहून स्वतःलाच ऐकलं. बाराव्या दिवशी जावई बूट हातात घेऊन आत आला, डोळे चमकत होते. "आई, आज किती वेळ बोलतेय हो!"

"ती मी आहे," बाई म्हणाल्या.

त्यानं बूट खाली ठेवले. हळू ठेवायची गरज नव्हती, तरी हळूच.

दुसऱ्या दिवशी बाई स्टुडिओत गेल्या. यादी संपली होती, पण पुढच्या भागासाठी आणखी सहाशे वाक्यं एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारी करायची ठरली होती. त्यांनी दिग्दर्शिकेला सगळं सांगितलं. आवाज कोणाचा उचलला तेही सांगितलं. तोंडावाटे हे पहिल्यांदाच निघत होतं.

दिग्दर्शिकेनं दोन्ही चष्मे काढले. वाईट नव्हती पोरगी. "बाई, आधी सांगायचं ना. पण काही बिघडलेलं नाही. काही लोकांना मुकीच वाटाडी आवडते, त्यांच्यासाठी सोय ठेवलीय. सेटिंगमध्ये जा, नायिकेचा आवाज बंद करा. झालं."

"झालं?" बाईंनी मिशाकडे बघितलं.

"बंद करून बघा," मिशा वायर गुंडाळत म्हणाला. "यंत्रातला होईल."

संध्याकाळी बाईंनी ते केलं. खारूनं हात बाजूला घेऊन करू दिलं. वाटाडी मुकी झाली. गाडीवानानं रस्ता विचारला, तीन वाक्यं उमटली, वारा वाहत राहिला. जुनी शांतता, जशी होती तशी. बाई श्वास रोखून मागे उभ्या राहिल्या.

खारूनं एक वाक्य निवडलं. मग कळफळीच्या कडेवर नखानं दोनदा वाजवलं.

टक टक.

ते टकटक खेळात कुठेच नव्हतं. मिशा ते कापून टाकायचा. ते फक्त स्वयंपाकघरात होतं.

आवंढा. "इथून... पुढे रस्ता नाही पण मी काढते," खारू म्हणाली. दहा वर्षांच्या गळ्यातून निघालेला तो आवाज अडुसष्ट वर्षांचा होता. शेवटच्या अक्षरावर जी बारीक खरखर आली, ती बाईंच्या गळ्यात गेल्या हिवाळ्यापासून होती.

जेवायला तिघं बसले. जावई दमलेला, कोपरावर डोकं टेकलेलं. खारूनं ताटाच्या काठावर वाजवलं. टक टक.

"तू... थकलास. बस जरा. आता राखण माझी."

जावयाचा चमचा खाली पडला. तो उठला, पोरीला खुर्चीसकट मिठीत घेतलं, हसायला लागला, रडायला लागला. "बोलली! आई, ऐकलंत ना? माझ्याशी बोलली!"

बाईंनी ऐकलं होतं. नववं पान, खालून तिसरं वाक्य, जखमी गाडीवानासाठी. त्यांनी ते स्टुडिओत चारदा म्हटलं होतं आणि हे तिसऱ्या वेळचं होतं.

"खारू," बाई म्हणाल्या, "आई झोपवताना तुला काय म्हणायची गं?"

खारूनं आजीकडे बघितलं. मग तिची नजर खाली उतरली, टेबलाच्या कडेपाशी, हवेतच, आणि तिथं थांबली. ती वाट बघत होती. अक्षरं उमटायची वाट. उमटेनात.

"आई, आज नको ना हे," जावई म्हणाला. "आज कुठं बोलतेय."

टक टक. "मागे... वळून बघू नका. उजेड आहे तोवर चालत राहू."

"शहाणी गं माझी बाय!" जावई म्हणाला.

चौदावं पान. दुसऱ्यांदा म्हटलेलं, कारण पहिल्यांदा मिशाची खुर्ची करकरली होती.

आठवडाभर घरात सण असल्यासारखं झालं. शाळेतून चिठ्ठी आली, खारू बोलायला लागली. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "अगदी तुमचाच आवाज हो!" चार हजार वाक्यांत पुष्कळ काही भागतं. भूक लागली, थंडी वाजते, थांब, चल, मला माहीत नाही. फक्त खोलवरचं काही विचारलं की नजर टेबलाच्या कडेला जायची. जावयाला ते दिसत नव्हतं. दोन वर्षं उपाशी राहिलेला माणूस पानात पडेल ते गोड मानतो.

सोमवार आला. सकाळी जावई स्वतःच म्हणाला, "आई, जा ना स्टुडिओत. तुमच्यामुळेच तर बोलायला लागली. नवी वाक्यं आली की आणखी बोलेल."

बाई वळल्या तर दारात खारू. एका हातात आजीची पर्स, दुसऱ्या हातात सहाशे वाक्यांची फाइल, छातीशी धरलेली, खाऊचा डबा धरावा तशी.

"तुला काय हवंय गं?" बाईंनी विचारलं.

खारूची नजर खाली गेली. आणि बाईंच्या ओठांनी, पन्नास वर्षांच्या सवयीनं, समोरच्या अडलेल्या नटाला आधार द्यावा तसा, आवाज न करताच पहिल्या शब्दाचा आकार घेतला. पोरीचे ओठ त्याच क्षणी तसेच वळले. बाईंनी खालचा ओठ दाबला, तिनं दाबला.

बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. स्वेटरच्या लांब बाह्या तोंडावर आल्या. त्या बाह्यांना अजून थोडा वास होता.

त्यांनी मिशाला फोन लावला. "मी येत नाही."

"सोमवारपुरतं, की...?"

"मिशा, जागा सोडायचीय. जिथं जिथं मी बसलेय तिथली."

मिशा म्हणाला, "उशीर झालेला नसू दे, बाई."

"बघू," बाई म्हणाल्या. त्या घरात त्यांनी उच्चारलेला हा शेवटचा शब्द.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. जावयाला कागदावर लिहून दिलं: 'तिला माझं काही ऐकू येता कामा नये. मी गप्प बसले तर तिचं वर येईल.' त्यानं तो कागद दोनदा वाचला. "आधी घरात एक होती, आता दोन झाल्या," म्हणाला, आणि बूट जोरात आपटत कामावर गेला. त्याचं चुकत नव्हतं. पोर बोलती झाल्यावर म्हातारीनं तोंडाला कुलूप लावावं, याला जग काय म्हणेल?

बाई टिकल्या. फोन वाजला तर उचलायच्या नाहीत, ठेच लागली तर जीभ चावायच्या. शेजारीण आली की घशाकडे बोट दाखवायच्या. खारू दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरायची, त्यांच्या तोंडाकडे बघत. टक टक. "कोणी... आहे का तिथं?" टक टक. "वाटाडीला उत्तर द्या." बाई भाजी निवडत राहायच्या आणि पाणी डोळ्यांतून भाजीत पडायचं.

दहाव्या दिवशी खारूनं खेळ बंद केला आणि पुन्हा लावला नाही. पंधराव्या दिवसापर्यंत वाक्यं आटत आली. तीच पाच-सहा फिरून यायची, झिजलेली. अठराव्या दिवशी एकही नाही. जावई रात्रीचं जेवण बोळात उभ्यानं जेवला. पुन्हा ते दोन वर्षांपूर्वीचं घर. बाईंना वाटलं, आपण होतं तेही घालवलं.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी त्या सूप गरम करत होत्या. मागे दारात खारू येऊन उभी राहिली. बाईंनी वळून बघितलं नाही. डाव्या हातानं झाकण धरलं, उजव्या हातानं शेगडीमागच्या फळीवरचं मीठ घ्यायला वाकल्या.

टक टक नाही. नुसता आवंढा. बाईंचे कान टवकारले.

"आज्जी... आईची बाही गॅसवर चाललीय!"

बाईंनी हात झटकन मागे घेतला. लोकरीला नुसता वास लागला होता, एक धागा काळा झाला होता. ज्वाळा निळी, शांत.

चार हजार वाक्यांत 'गॅस' कुठेच नव्हता. 'आज्जी' नव्हतं. आणि 'आई' तर नव्हतंच. वाटाडीला आई नव्हती. दोन वर्षांत तो शब्द त्या घरात या पोरीच्या तोंडून निघाला नव्हता. शब्द सगळे खारूचे होते, तिचे तिनं शोधून आणलेले.

आवाज मात्र बाईंचाच होता. खरखरीसकट.

बाई वळल्या. पोरीला काहीतरी म्हणायला हवं होतं, आत्ता, लगेच. बाई गं माझी, म्हणायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. आवंढा गिळला. पहिला शब्द जिभेवर आला होता, त्यांना तो कळत होता, त्याचं वजन कळत होतं.

श्वास नुसताच बाहेर आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा श्वासच.

इस्त्रीवाली आठवली. घड्या मोजून ठेवणारे तिचे हात आठवले.

खारू समोर उभी होती, मान किंचित वर, आजीच्या ओठांवर नजर लावून. घाई नव्हती तिला. पडद्यावरचा तांडा वाटाडीकडे बघत थांबायचा, तशी ती थांबली होती.